सुपात वाळलेले सूर

वाड्याचा पुनर्विकास ठरून जागेचा ताबा देण्याची मुदत जवळ आली, तेव्हा नव्या घरी जाण्यापूर्वी पेटी एकदा नीट करून घ्यावी म्हणून ती कारागिराकडे नेली. आणि सूर बसवलेली फळी त्याने उचलताच खालच्या सांध्यात दडून बसलेली करडी, पिठासारखी माती त्याच्या मेजावर सांडली. ती 12 जुलै 1961 ची मुठा होती.

पानशेत आणि खडकवासल्याच्या धरणफुटीची हकिकत पुणेकरांस नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. माझ्या स्मृतीत पाणी फारसे नाहीच. आहे ते आईचे सूप. पूर ओसरून आम्ही शनिवारातल्या घरी परतलो, तेव्हा भिजून आंबू लागलेल्या धान्याकडे लक्ष देण्यापूर्वी वडिलांनी, आमच्या अण्णांनी, पेटीचे पेच काढले, चिखलाने माखलेले पितळी सूर एकेक करून सोडवले आणि आईने, बहुधा रागानेच, पुढे सरकवलेल्या सुपात ते मधूनच पडणाऱ्या उन्हात मांडले. ज्याच्या घराची एक भिंतही उभी राहिली नव्हती, तो शेजारच्या बोळातला माझा बालमित्र दिवसभर ते सूर मलमलीच्या चिंधीने पुसत बसला होता. पंचनाम्यास आलेल्या कारकुनाने भांडी लिहिली, अंथरुणे लिहिली; पेटीचे नाव निघताच मात्र ‘चैनीचा जिन्नस’ म्हणून ती यादीतून वगळली. त्या गृहस्थावरचा माझा रोष अद्याप निवळलेला नाही.

अर्थात पेटीवर खप्पा मर्जी करणारा सरकारी इसम तो पहिला नव्हे. 1940 च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला मनाई केली आणि तो हुकूम सुमारे तीन दशके कायम राहिला. रवींद्रनाथांसारखा थोर पुरुषही या वाद्याच्या विरुद्ध होता. पेटीत मींड निघत नाही, तिचे स्वर ठोकून बसवलेले, श्रुतींचे सूक्ष्म भेद तिच्या आवाक्याबाहेरचे, हे आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे नाहीत. अण्णाही ते मान्य करीत आणि लगेच ‘मानापमाना’तल्या पदाला हात घालीत. त्या पदांना 1911 साली चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीचे केवढे मोठे वादक होते, याची त्यांना वेगळी ग्वाही नको होती. रेडिओच्या दफ्तरी बंदी असताना कीर्तनात, नाटकगृहात आणि शाळेच्या प्रार्थनेत पेटी निर्वेध वाजत होती.

पण मला सांगायचे ते निराळेच. सुपातल्या सुरांपैकी एक हरवला. पेटी पुन्हा उभी राहिली, नवा भाता चढला, तरी मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी दाबली की नुसती हवा सुटे. गुरुवारच्या आमच्या बैठकीत मग अशी वहिवाट पडली, की त्या पट्टीवर बोट गेले रे गेले, की जो कोणी सुरात असेल त्याने तो स्वर गळ्याने भरून काढावा. काळी चारमध्ये गाणारी बहीण, काळी एकचा हट्ट न सोडणारे मामा, स्वयंपाकघरातून आई, आणि सुरात कधीच नसलेला तो बालमित्र सर्वांच्या आधी! पुढे अण्णांनी पालिताण्याचा सूर आणून बसवला. तो मूळच्या जर्मन सुरांशी अचूक जुळला, आणि त्या गुरुवारी घरात सगळे जरा गप्पच होते.

मामा गेले, आई-अण्णा गेले. बहीण कोथरूडला असते. तबल्यावर बसणारा शेजारी मुलीकडे टोरांटोला स्थायिक झाला. वाड्याच्या निमित्ताने सह्या करायला जमलेले आम्ही भाडेकरू करारनाम्यातल्या कलमांविषयी तासभर बोललो आणि एकमेकांच्या नव्या पत्त्यांविषयी अवाक्षर बोललो नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते. बालमित्राला हल्ली वरच्या सप्तकातले ऐकू येत नाही. म्हणून मी खालच्या सप्तकात वाजवतो, आणि भाता त्यानेच मारायचा असा त्याचा आग्रह असतो.

कारागिराने पालिताण्याचा तो सूर आता पुरता गेल्याचे सांगून बदलण्याची परवानगी मागितली. मी ती दिली नाही.

ज्यांच्या माळ्यावर पेटी पडून असेल, त्यांनी ती खाली काढावी. भाता हलता राहिला नाही तर कातडे कडक होऊन चिरते. आमची बैठक नव्या घरीही गुरुवारीच, दिवेलागणीनंतर भरते. तबल्याची जागा रिकामी आहे.