सोनईच्या वाटेवर : पुठ्ठ्याखालचा डाग

शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेला यात्रेकरू राहुरीपाशी महामार्ग सोडून पूर्वेकडे वळतो आणि शिंगणापूरच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे त्याला सोनई लागते. नेवासे तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. दर्शनाच्या घाईत बहुतेक गाड्या येथे थांबत नाहीत. गेल्या जानेवारीत आम्ही मात्र सोनईत दीड दिवस काढला, कारण नाशिकहून निघालेली आमची गाडी पुढे जाईना.

हा मुलूख मुळात कमी पावसाचा. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने त्याचे रूप पालटले. हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुऱ्यावर आलेला ऊस, मधूनच कांद्याची हिरवी वावरे, आणि सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याकडे सरकणारी उसाची वाहने. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या, त्यांच्यामागे यात्रेकरूंच्या मोटारी. वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास येतो. या दिवसांत या रस्त्यावर आपला वेग पुढची ट्रॉली ठरवते.

अशाच एका ट्रॉलीमागे बराच वेळ आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर सरकत होतो. रस्ता मोकळा दिसताच पुढे जाण्यासाठी मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला. गाडीचा वेग वाढला नाही. समोरून ट्रक येत होता. कसाबसा पुन्हा ट्रॉलीच्या मागे आलो. पाठोपाठ जळका वास आला आणि थोड्याच अंतरावर गाडी बंद केल्याप्रमाणे थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाके हलेनात.

मागच्या आसनावर माझी आई होती. वय बहात्तर, मधुमेह जुना. सकाळचे इन्सुलिन झाले होते आणि जेवण शिंगणापूरला घ्यायचे ठरले होते. दुपारचा एक वाजून गेला, तशी ती गप्प झाली. कपाळावर घाम आला, बोटे थरथरू लागली. चहूकडे ऊस उभा होता आणि आमच्या गाडीत चमचाभर साखर नव्हती. शेजारच्या वस्तीवरील एका बाईंनी तांब्याभर पाणी आणि वाटीत साखर आणून दिली. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून आईला पाजली. पंधरा मिनिटांनी तिचा चेहरा निवळला. मग त्यांच्याच घरची भाकरी तिने खाल्ली. रक्तातील साखर उतरली असता आधी लगेच शोषली जाणारी साखर आणि नंतर पोटभर अन्न, हा क्रम मला पाठ होता. सामान बरोबर ठेवण्याचे तेवढे राहून गेले होते.

एका रिकाम्या ट्रॅक्टरने दोर बांधून गाडी सोनईत आणली. चालकाने मला बजावले, “किल्ली चालूच ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आन् ब्रेक जड लागंल, जोरात दाबा.” आमची गाडी हाताने गिअर बदलण्याची होती, म्हणून हे जवळच्या अंतरापुरते चालले. ऑटोमॅटिक गाडी चालती चाके जमिनीवर ठेवून ओढली, तर गिअरबॉक्सला आतून तेल मिळत नाही आणि तो निकामी होऊ शकतो. ती सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावी.

मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लच प्लेट तेलाने माखून काळी पडली होती. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील झिजले होते. तेथून पाझरणारे तेल प्लेटवर जात होते. क्लचचे काम घर्षणाने चालते. इंजिनाची फिरत ती प्लेट घट्ट धरून गिअरबॉक्सकडे पोचवते; तेलकट झाली की पकड सुटते आणि ती नुसती घासून जळते.

“साहेब, गाडीखाली डाग कधीपासून पडत होता?”

मी आठवू लागलो. उत्तर आईने दिले, “दिवाळीपासून. मी सांगितलं होतं याला.”

सांगितले होते हे खरे. फरशी खराब होऊ नये म्हणून मी त्या डागावर पुठ्ठा टाकला होता. शनिदेवाला वाहायला तेलाची बाटली आठवणीने घेतली होती. गाडीतून गळणाऱ्या तेलाची मात्र चौकशी केली नव्हती.

गिअरबॉक्सचे काम समजायला सोनईसारखे गाव नाही. कारखान्यात टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, पण ऊस चिरडणारा रूळ सर्वसाधारणपणे चार-पाचच घेतो. दात्यांच्या चाकांनी वेग उतरवला की जोर वाढतो. भरलेली ट्रॉली वावरातून काढताना ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये असतो तो याचसाठी. जोराची ही देवघेव जेथे होते, तेथला बिघाड सहसा एकाएकी उद्भवत नाही. तो आधी खुणा देतो.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने सांगितलेल्या खुणा मी वहीत लिहून घेतल्या. आवाज चढतो पण वेग चढत नाही, ही क्लच घसरण्याची खूण. ती आधी वरच्या गिअरमध्ये आणि चढावर जाणवते. गिअर टाकताना खरखर होणे किंवा तो अडून बसणे म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. पेडल मऊ लागणे किंवा खालीच राहणे हे हायड्रॉलिक तेल गळत असल्याचे लक्षण. एकाच गिअरमध्ये घुमणारा आवाज किंवा गिअर आपोआप निसटणे हा आतील झिजेचा इशारा. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी उशिरा निघणे, गिअर बदलताना धक्का बसणे, तेलाला जळका वास येणे. यांपैकी एकही दिसले तर लांबचा प्रवास पुढे ढकलावा. विनाकारण क्लचवर पाय ठेवू नये आणि चढावर गाडी क्लचवर धरून ठेवू नये; त्यासाठी हँडब्रेक आहे.

वाटेत गाडी घसरू लागली तर ओव्हरटेक करू नये, ॲक्सिलरेटर आणखी दाबू नये. चारही दिवे लुकलुकते ठेवून गाडी डाव्या कडेला घ्यावी, माणसांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर सावलीत बसवावे आणि त्रिकोणी इशारा-फलक बराच मागे ठेवावा. वृद्ध, मधुमेही वा लहान मूल बरोबर असेल तर पाणी, साखर, खाणे आणि दुपारचे औषध हाताशी हवे; डिकीत खोल नको. प्रकृती बिघडली तर १०८, अन्य संकटात ११२.

दुसऱ्या दिवशी गाडीचे काम चालू असताना आम्ही प्रवासी जीपने शिंगणापूरला गेलो. उघड्या आकाशाखालची ती शिला, दारांना कुलूप न लावण्याची गावाची ख्याती, सारे पाहून झाले. परतताना आई जीपमधून उतरली, तेव्हा तिच्या पायांकडे माझे लक्ष गेले. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्याखाली वळ उमटले होते. ही चपल नवी होती. जुनी घट्ट होते म्हणाली, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच एक माप मोठी आणली होती. मी तिथेच थबकलो. हाही पुठ्ठाच होता.

नाशिकला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. हृदय आणि मूत्रपिंडे तपासली गेली. दोन्ही ठीक निघाली. सूज रक्तदाबाच्या गोळीमुळे होती. काही गोळ्यांनी घोट्यांवर अशी सूज येते. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत जुनी चपल पुन्हा पायात आली. सूज प्रत्येकाचीच इतक्या सहज सुटणारी नसते; म्हणूनच ती तपासून घ्यायची असते आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.

गाडी उभी करण्याच्या जागेवरचा पुठ्ठा मी उचलून टाकला. फरशी घासून काढली, तरी फिकट डाग राहिलाच. सकाळी गाडी काढल्यावर मी मागे वळून त्या जागेकडे पाहतो. नवा थेंब नाही ना, एवढेच. आई दारात उभी असते. मग मी तिच्या पायांकडेही पाहतो, आणि ती हसून पाय पुढे करते.