आईची गाठोडी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दिवाळीला चांदूर रेल्वेला गेले होते आणि तिथे एक मोठा घोळ घालून आले. निम्मे नातेवाईक हे वाचतात, त्यांच्या कानावर तिखटमीठ लावून जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. आईला विचारून लिहितेय.

आईच्या दिवाणात चिंध्यांची सात गाठोडी होती. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली, प्रत्येकाची गाठ वेगळी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मशीन बंद आहे, पण हाताने गोधडी शिवणं चालूच असतं. मी व्हिडिओ बघून शहाणी झालेली. अमरावतीहून पारदर्शक डबे आणले, दोन दुपारी खपून सगळे तुकडे रंगाप्रमाणे लावले. लाल, निळे, हिरवे, छापील... काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू!

आई आली. डब्यांकडे बघत राहिली.

"लाल डबा कोनाचा हाय?"

"कोणाचा म्हणजे? लाल रंगाचा."

"अवं माय! सगयं एक करून टाकलं काऊन?"

मग कळलं. एकेक गाठोडं एकेका माणसाचं होतं. आजीचं, बाबांचं, काकांचं, आम्हा भावंडांचं. बाळासाठी शिवायची तर आजीच्या गाठोड्यातलं मऊ झालेलं लुगडं, मुलगी सासरी जाताना तिच्या फ्रॉकांचे तुकडे. रंगाचं नंतर बघायचं. अमेरिकेत अलाबामामध्ये जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या बायकांच्या गोधड्यांचं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं होतं. त्यातल्या मिझुरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग? अजून कायची शिवन?"

गाठोड्याच्या आतही तिची व्यवस्था होती, तीही मी मोडली होती. सुती वेगळं आणि टेरिकॉट वेगळं. सुती कापड धुतल्यावर आटतं, टेरिकॉट आटत नाही, मग दोन्ही शेजारी शिवली की पहिल्याच धुण्यात गोधडी चुरमडते. ओळखू आलं नाही तर ती एक दोरा ओढून काडीने पेटवते. सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, टेरिकॉटचा वितळून टणक गोळी होते. रंग जाणारं लाल कापड आधी मिठाच्या पाण्यातून काढायचं. हूक, बटणं काढून डबीत. लुगड्याचे काठ गुंडाळून वेगळे, ते कडेला लागतात. वितीपेक्षा मोठा तुकडा वर दिसणार, तळहाताएवढा मध्ये भर म्हणून जाणार. त्याहून लहान असेल तो उशीत. फेकायचं काहीच नाही! भांडेवालीलासुद्धा ती फक्त नायलॉनच्या साड्या देते.

मी चिडून म्हटलं, गाडगेबाबांनी पण एवढ्या चिंध्या जमवल्या नसतील. आईने लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलेलं आहे. चिंध्या जोडून केलेला अंगरखा घालायचे म्हणून लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीपाशी ते गेले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. "त्याईनं जमोल्या नाई," आई म्हणाली, "आंगावर घातल्या." बोलती बंद :)

मग बसलो दोघी डबे उलटे करून. आजीची लुगडी लगेच निघाली. आमचे फ्रॉकही. आई डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त ओळखते. अडलो ते पांढऱ्यावर निळ्या पट्टीच्या कापडापाशी. घर एकत्र होतं तेव्हा अख्खं थान घेतलेलं, बाबांचे आणि काकांचे शर्ट त्याचेच, दोघांचेही आईनेच बेतलेले. वापरलेले तुकडे कळले. बाबा जिनात दिवाणजी, त्यांच्या खिशाला शाईचा डाग. काकांचे खांद्यावर विरलेले. पण बेतताना उरलेली कात्रणं तेवीस होती, कोणाच्याच अंगाला न लागलेली. ती कोणती कोणाची, हे फक्त त्या दोन गाठींना माहीत होतं.

इतर कुठलं कापड असतं तर चाललं असतं. १९८८ मध्ये वाटणी झाली. धुऱ्यावरून भांडण लागलं आणि दोघे भाऊ त्यानंतर एका पंगतीत बसले नाहीत. धुरा दोन तास आमच्याकडे सरकवला, असं काका शेवटपर्यंत म्हणायचे. काका खोटं बोलतात हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आमच्या घरात त्यात शंकाच नव्हती. आता दोघेही नाहीत. आणि काकूने दसऱ्याला आईला फोन केला होता. नातू झालाय, त्याच्या आजोबांच्या कपड्यांचं काही असेल तर दे. ते गाठोडं आईने त्यासाठीच वर काढून ठेवलं होतं.

मला रडायलाच आलं. म्हटलं, आपण सगळीच ठेवू, काकूला काय कळतंय. आईने ऐकलंच नाही. सतरंजीवर दोन ढीग मांडले आणि एक इकडे, एक तिकडे करत पत्त्यांसारखे तुकडे वाटायला लागली. अकरा-अकरा झाले. एक हातात उरला, चांगला वीतभर.

"हा बाबांच्यात ठेव ना," मी म्हटलं.

तिने तो काकूच्या ढिगावर ठेवला.

"जाऊ दे तिकडं एक जास्त. त्या टायमाले दोन तास आपल्याइकडंच आले होते."

मी बघतच राहिले. आईने फडक्याला गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली, आणि म्हणाली, "दाभन कुठी ठेवलं वं तू? का तेही डब्यात?"