जॉन्सटाउनचा पूर आणि एक बाटली

पिट्सबर्गला मुलाकडे होतो. शेजारच्या म्हातारबुवांनी हिवाळाभर आमच्या दारातला बर्फ उपसला. निघताना त्यांना काही द्यावे, असे सौभाग्यवतींच्या मनात आले. "त्यांना बर्बन आवडते," चिरंजीव म्हणाले. झाले! जन्मात असल्या दुकानाची पायरी न चढलेला मी बाजाराला निघालो.

पेनसिल्व्हेनियात १९३३ साली दारूबंदी उठली, पण व्हिस्कीची दुकाने सरकारने स्वतःकडेच ठेवली. तेव्हा घासाघिशीला वाव नाही. शिवाय १९३६ साली जॉन्सटाउनच्या पुरासाठी दारूवर बसवलेला १० टक्के कर आज १८ टक्के आहे. पूर ओसरला, कर चढला!

"बाबा, बाटलीचा थाट बघू नका, 'बॉटल्ड इन बाँड' हे शब्द शोधा," मुलाने गुरुमंत्र दिला. १८९७ च्या कायद्याने त्यांचा अर्थ ठरलेला: एकाच भट्टीचा, एकाच हंगामातला माल, निदान ४ वर्षे पिंपात मुरलेला, मद्यार्क ५० टक्के. खालच्या फळीवर, भपकेबाज बाटलीच्या निम्म्या किमतीत ती सापडली.

म्हातारबुवा खूष झाले. मी ऐटीत कराचा विनोद सांगितला. ते हसले नाहीत. "माझ्या वडिलांचे घर त्याच पुरात गेले," एवढेच म्हणाले.

त्यानंतर त्या १८ टक्क्यांबद्दल मी कुठेही कुरकूर केलेली नाही.