मळ कुणाचा, झीज कुणाची

संपादकांनी दिवाळीच्या साफसफाईवर लिहा म्हटलं, तेव्हा मी विचारलं, घराच्या की भाड्याच्या ऑफिसच्या? घराच्या साफसफाईवर लिहिणारे पुष्कळ आहेत. भाड्याची जागा सोडताना, मालकाच्या हातात किल्ल्या देण्याआधी जी सफाई करावी लागते, ती माझं काम. अमरावती आणि अकोला या दोन शहरांत मी आणि माझ्यासोबतच्या बाया हेच करतो. विमा एजंटांची ऑफिसं, कोचिंग क्लास, सीएंच्या केबिन, जिनिंगवाल्यांच्या शहरातल्या गाद्या. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली मुलगी फरशा धुते, म्हणून आमच्या नात्यात बरंच बोलून झालंय. खरं सांगायचं तर या फरशांनी मला जेवढं रसायनशास्त्र शिकवलं, तेवढं कॉलेजच्या प्रयोगशाळेनं शिकवलं नाही.

लोकांचा पहिला गैरसमज असा, की जागा सोडताना ती नव्यासारखी करून द्यायची असते. मालक तशी मागणी करतात आणि भाडेकरू घाबरून कबूल होतात. कायद्यात तसं काही नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 108 वं कलम सांगतं, की जागा ताब्यात आली त्या वेळी होती तितक्या चांगल्या स्थितीत परत करायची. मात्र वाजवी वापरानं झालेली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या संकटानं झालेलं नुकसान त्यातून वगळायचं. आपल्याकडची बहुतेक ऑफिसं लीव्ह अँड लायसन्सवर असतात, तिथं करारात लिहिलेलं वाक्य चालतं. पण ते वाक्यही बहुधा याच कलमावरून उतरवलेलं असतं. म्हणजे मळ काढणं भाडेकरूचं काम आणि झीज सोसणं मालकाचं. सगळं भांडण मळ कुठं संपतो आणि झीज कुठं सुरू होते, यावर असतं. ते ओळखणं हीच आमची विद्या. झाडू-पोछा त्याच्या नंतर येतो.

वऱ्हाडात ही रेघ ओळखणं अवघड आहे, कारण इथली माती आणि इथलं पाणी दोन्ही मध्ये पडतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की भिंतीला तिरप्या भेगा जातात. टेबल ठेवून, खिळे ठोकून अशा भेगा पडत नाहीत. तरी डिपॉझिटमधून त्यांचे पैसे कापलेले मी पाहिले आहेत. खिळ्याचं भोक भाडेकरूनं पुट्टीनं बुजवावं. जमिनीनं पाडलेली भेग त्याच्या माथी मारू नये, आणि असं मारणाऱ्या मालकाला मी तोंडावर सांगते.

पाण्याची गोष्ट मोठी आहे. अकोल्यातलं एक प्रकरण या उन्हाळ्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, ते याच पाण्याचं.

दुसऱ्या मजल्यावरचं, एका कर सल्लागाराचं ऑफिस. बरीच वर्षं वापरून तो मोठ्या जागेत चालला होता. खिडकीत कूलर. खिडकीखालच्या भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की पांढरी भुकटी. खाली कोटा फरशीवर पांढरे ओघळ आणि कूलरच्या स्टँडच्या पायांभोवती गंजाची तांबडी वर्तुळं. मालक वयानं मोठे, सज्जन गृहस्थ. त्यांचं म्हणणं, भाडेकरूनं भिंतीची वाट लावली. भाडेकरूचं म्हणणं, बोरिंग तुमचं, पाणी तुमचं, खिडकी तुमची, मी फक्त बटण दाबलं.

अकोल्याच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो. त्या दिवसांत कूलर लावणं हा वाजवी वापर नाही असं कोणीही म्हणू शकणार नाही. पण कूलर करतो काय, ते नीट समजून घ्या. तो पाण्याची वाफ करतो आणि पाण्यातले क्षार मागं ठेवतो. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथलं भूजल चवीलाच खारट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर 2000. त्या इमारतीच्या बोरिंगच्या पाण्यात मी मीटर बुडवला तर आकडा 2000 च्या वर गेला. आता हिशेब करा. अशा पाण्याचे 100 लिटर कूलरमधून उडून गेले की किमान 200 ग्रॅम क्षार मागं राहतात. होळीनंतर लागलेला कूलर मृगापर्यंत चालतो. टाकी वेळोवेळी रिकामी करून धुतली नाही तर आत लहानसं मिठागरच तयार होतं, आणि जिथं गळती असेल तिथून ते पाणी भिंतीत शिरतं. प्लास्टरमधून पाणी सुकत बाहेर येतं, क्षारांचे स्फटिक रंगाच्या मागं वाढतात आणि रंगाला ढकलून काढतात. लोक याला ओल म्हणतात आणि वरून रंग मारतात. ओल गेली तरी क्षार तिथंच असतो; पुढच्या पावसात तो हवेतलं पाणी पुन्हा ओढून घेतो.

मग दोष कुणाचा? टाकीवर जाड थर साचला होता, म्हणजे ती धुतली जात नव्हती. ही भाडेकरूची हयगय. पण खिडकीच्या उंबऱ्याचा उतार बाहेर असायला हवा, तो आत होता. मी त्यावर पेलाभर पाणी ओतून दोघांना दाखवलं. ते सरळ खोलीत आलं. ही बांधणाऱ्याची चूक, म्हणून मालकाच्या वाट्याची. आणि पाणी? ते जमिनीचं. दोघांनीही मला म्हटलं, ताई, तुम्हीच लिहून द्या किती कुणाचं. मी लिहून दिलं ते एवढंच, की काय दिसलं आणि ते कशामुळं झालं. वाटणी केली नाही. ती करता येण्याइतका पुरावा त्या खोलीत नव्हता. जागा दिली त्या दिवशीचा एकही फोटो दोघांकडे नव्हता. ते लिहून देणं पुरेसं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यातच मध्ये ॲसिड आलं. आम्ही भिंत कोरड्या ब्रशनं झाडून फरशीवर काम सुरू करणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मालकांच्या माणसानं पांढरे ओघळ घालवायला त्यावर ॲसिडची बाटली ओतली. सकाळी मालक म्हणाले, "ताई, ॲसिड मारल्याबिगर फरशी साफ होते काय?" हे वाक्य मी अमरावतीच्या राजापेठेत ऐकलंय, अकोल्याच्या टिळक रोडवर ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मला तितकाच संताप येतो. तेव्हा या विषयावर थोडं जास्त लिहिते, संपादकांनी कात्री लावू नये.

कोटा हा चुनखडीचा दगड आहे, शहाबादीही तसाच. संगमरवर आणि मोझॅकमधल्या संगमरवरी चिपाही रसायनशास्त्राच्या दृष्टीनं त्याच कुळातल्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बाजारातलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते कार्बोनेटवर पडलं की फेस येतो. लोकांना वाटतं मळ निघतोय. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि विरघळत असते ती फरशी. पॉलिश जातं, बारीक छिद्रं उघडी पडतात, त्यांत मळ लवकर बसतो, फरशी लवकर काळी दिसते, मग पुन्हा ॲसिड. असं करत करत चांगला दगड मरतो. व्हिट्रिफाइड टाइल ॲसिडला दाद देत नाही, पण दोन टाइलमधल्या सांध्यात सिमेंट असतं आणि ते खाल्लं जातं. वाफेनं दाराच्या बिजागऱ्या आणि नळ गंजतात ते वेगळंच. शिवाय त्या पांढऱ्या ओघळांत बराचसा भाग साध्या मिठाचा असतो. मिठावर ॲसिडचा काही परिणाम होत नाही. मीठ पाण्यात विरघळतं. त्याला गोडं पाणी आणि कोरडं फडकं पुरतं. उरतो तो चुनखडीचा थर. तो व्हिट्रिफाइड टाइलवर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणानं निघतो. कोट्यावर मात्र लिंबूसुद्धा चालत नाही, तिथं लाकडी पट्टीनं खरवडून शेवटी पॉलिशच करावं लागतं. गंजाचे डाग ऑक्झॅलिक आम्लानं जातात, पण तेही टाइलवर, कोट्यावर नाही.

ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र झालं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कोरोनाच्या काळात हायपोक्लोराइट घरोघरी आलं तेव्हापासून ही भीती वाढली आहे. 2021 च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा लॉकडाउन लागला, त्यानंतर कित्येक क्लास आणि ऑफिसं रिकामी झाली. त्या सफायांत हे दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले आम्ही पाहत होतो. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, कारण नोंदवायचं ठरलं. तरी बिनलेबलच्या बाटल्या मिळतातच. माझ्या चमूतल्या एका मावशीच्या बोटांवर जुन्या मालकाकडच्या ॲसिडचे व्रण आहेत. चमचम फरशी बघणाऱ्याला ते दिसत नाहीत.

बाकी कामाचा क्रम सोपा आहे: वरून खाली, आधी कोरडं मग ओलं. पंखे, एसीच्या जाळ्या, भिंती, काचा, मग फरशी. इथली धूळ काळ्या मातीची, फार बारीक. तिच्यावर आधी बादली ओतली की गारा होतो आणि सांध्यांत बसतो. म्हणून आधी व्हॅक्यूम किंवा कोरडा झाडू. जिनिंगशी संबंधित ऑफिस असेल तर एसीच्या जाळीवर रुईचा गालिचा मिळतो. पाणी लागलं की त्याचा लगदा होतो. शेवटचं पुसणं बोरिंगच्या पाण्यानं करू नये, वाळल्यावर पांढरी साय येते. अकोल्यात काटेपूर्णेचं नळाचं पाणी आम्ही त्यासाठी राखून ठेवतो. आरओचं वाया जाणारं पाणी पोछ्याला वापरणारे खूप आहेत. पाणी वाचवण्याची त्यांची कळकळ मला कळते, पण त्या पाण्यात गाळून काढलेले क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

कागदांबद्दल मात्र बोललंच पाहिजे. ऑफिस रिकामं करताना लोक फायलींचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊन मोकळे होतात. त्यांत ग्राहकांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स असतात, सह्या असतात, बँकेचे खाते क्रमांक असतात. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं कायद्यानं 8 आर्थिक वर्षं जपायची असतात. बाकीचं फाडून, तुकडे करूनच बाहेर जावं. आम्ही हे काम सफाईतच धरतो. जुने संगणक आणि बॅटऱ्याही भंगारवाल्याच्या गाडीवर नाही, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाव्यात. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जिन्याच्या कोपऱ्यातले खर्ऱ्याचे डाग आम्ही काढतो, पण त्याचं बिल एका भाडेकरूच्या नावावर फाडू देत नाही. जिना सगळ्यांचा असतो.

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेणगावचे. ज्या गावात जात तिथं आधी खराटा घेऊन रस्ते झाडत, मग रात्री कीर्तन. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ग्रामस्वच्छता अभियानाला आहे. त्याच अमरावतीत माझ्या बायांना कॉम्प्लेक्समधल्या बाथरूमची किल्ली मागून घ्यावी लागते आणि कधी कधी ती मिळत नाही. हे मला फार लागतं. काम संपल्यावर मी मालकांसमोर त्यांना उभं करते आणि कोणता डाग कुणी, कसा काढला ते त्यांच्याच तोंडून सांगायला लावते.

अकोल्याच्या त्या ऑफिसचं पुढं काय झालं, ते सांगते. फरशीवर ॲसिडचा बेरंग ठिपका राहिला आहे, तो पॉलिशशिवाय जाणार नाही. त्याचा खर्च मालकांचा, हे मी स्पष्ट लिहून दिलं. भिंतीसाठी मी सांगितलं, की आधी उंबऱ्याचा उतार फिरवा, खराब प्लास्टर काढा, नवं पूर्ण वाळू द्या, मगच रंग लावा. मालकांना नवा भाडेकरू दिवाळीआधी ठेवायचा आहे, म्हणून रंग लगेच हवा आहे. डिपॉझिटचा वादातला भाग अजून सुटलेला नाही, आणि दोघंही मला फोन करतात. नव्या भाडेकरूला मी एवढं करायला लावलंय: आत जायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो, बोरिंगच्या पाण्याचा मीटरवरचा आकडा आणि खिडकीच्या उताराची नोंद, हे सगळं करारासोबत, दोघांच्या सह्यांनी.