मोटर भिंतीवर, दार मोकळं

चि. ऋत्विक यास,


वॉकर धरला की आजीचे दोन्ही हात अडकतात, म्हणून तिच्या खोलीचं दार बटणावर उघडेल असं काहीतरी करतोयस, हे दादाकडून कळलं. फार बरं वाटलं. पण मोटर दारालाच ठोकणार आहेस म्हणे! म्हणून लगेच लिहायला बसले. ते दार आबांनी सुताराजवळ उभं राहून करून घेतलंय. सागवानी कडा, मध्ये पातळ पॅनेलं. पॅनेलात स्क्रू मारलास तर तडा जाईल, कडेला मारलास तर भोक जन्मभर राहील. दुहेरी टेपवरही भिस्त ठेवू नकोस. चपड्याचं पॉलिश आहे, टेप निघेल ती पॉलिश घेऊनच.

मोटर भिंतीवर घे. दाराच्या वर सिमेंटची लिंटल आहे, तिथे गिट्टी बसवून ब्रॅकेट लाव. उद्या काढलंस तर पुट्टी भरली की झालं. दार आत उघडतं, तेव्हा मोटर ओसरीच्या बाजूला, आस खाली तोंड करून, बिजागऱ्यांच्या शक्य तितकी जवळ. आसाला दांडा, दांड्याच्या टोकाला नायलॉनचं चाक, आणि त्या चाकाने दार नुसतं ढकलायचं. दांडा दाराला जोडायचाच नाही. खूप गिअर असलेली मोटर बाहेरून ढकलून सहसा उलटी फिरत नाही. दांडा बोल्टने बांधलास आणि वीज गेली, तर दार जाम आणि आजी आत! नुसतं ढकलणारं चाक असलं तर ते दार हाताने केव्हाही उघडता येतं. बंद करायचं काम मोटरला देऊच नकोस, घरात माणसं आहेत की.

चाक घासून पॉलिश जाऊ नये म्हणून पातळ पत्र्याची पट्टी वाकवून दाराच्या वरच्या कडेवर टोपीसारखी बसव, समोरच्या बाजूला आतून बनात लाव. वरची फट आधी पोस्टकार्ड सरकवून बघ, पावसाळ्यात पुन्हा बघ. सागवान कमी फुगतं, पण फुगतं.

आता जोराचं. बिजागऱ्यांना तेल घाल, मग बॅग तोलायचा काटा कडीला अडकवून दार ओढ. दार 90 सेंटीमीटर रुंद आहे. कडेला दीड किलो लागला, तर बिजागरीपासून 30 सेंटीमीटरवर साडेचार किलो लागेल आणि 10 वर साडेतेरा. म्हणून चाक बिजागरीला चिकटवू नकोस, नाहीतर जुने स्क्रू सैल होतील.

वायपरची मोटर स्वस्त मिळते, पण मिनिटाला 45 फेरे धरलेस तर पाव फेरा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात होतो. दार आजीच्या थोबाडीत बसेल! तपकीर गल्लीत मिनिटाला 5 फेऱ्यांची गिअर मोटर माग, म्हणजे दार तीन सेकंदांत उघडेल. दांडा आसावर पिनेने घट्ट करू नकोस. दोन वॉशरांमध्ये स्प्रिंगने दाबून बसव, म्हणजे वॉकर आडवा आला तर दांडा घसरेल. दार पुरतं उघडलं की मोटर थांबवायला लिमिट स्विच हवाच.

आतलं बटण चौकटीशेजारी नको, दार आजीच्याच अंगावर येतं. पलंगाजवळ, दाराच्या फेऱ्याबाहेर लाव. उंची तिला उभं करून ठरव, आणि ब्रॅकेटची मापं मला पाठव. पत्रा मी इथून कापून आणते.

तुझी,
कुंदा आत्या