अवघड जागेची गाठ : सगळीच मूळव्याध नसते

शाळू, कांदा, पाऊसपाणी रोजच लिहितो. आज जरा अवघड जागेचं दुखणं. हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांमागं शाळू काढणीच्या दिवसांत मला गुदद्वाराच्या कडेला एकाएकी गाठ आली. वाटाण्याएवढी, टणक, निळसर. खाली बसवेना. दिवसभर उन्हात वाकून काम, पाणी जेमतेम तांब्याभर, त्यात चार दिवस शौचाला खडा. दहिवडीत डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलंय. फारच दुखत असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत छेद देऊन काढता येतं, नाहीतर हळूहळू जिरतं." दिवसातून दोन-तीन वेळा 10-15 मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं, रात्री इसबगोल, वर भरपूर पाणी. साधारण दोन आठवड्यांत गाठ जिरली.

पुढं उन्हाळ्यात चुलतभाऊ आला. "दादा, तुझ्यासारखंच झालंय. ती मलमाची ट्यूब दे." त्याला साखर आहे. गाठ ठणकत होती, अंगात ताप, रात्रभर झोप नाही. माझ्या गाठीला ताप नव्हता, म्हणून ट्यूब न देता त्याला जीपमध्ये घालून सर्जनकडं नेला. आत गळू निघालं. त्याच रात्री भूल देऊन पू काढला. नुसत्या गोळ्यांनी असा पू जात नाही, आणि साखरवाल्याच्या अंगात तो पसरला तर जिवावर बेततं, असं सर्जन म्हणाले.

तेव्हा विचारून घेतलेल्या खुणा देतो :

– कोंब बाहेर येतो, आत जातो, लाल रक्त पडतं, सहसा दुखत नाही : आतली मूळव्याध. सुरुवातीला औषध, पथ्य; पुढं रबर बँड किंवा ऑपरेशन.
– शौचाला काच चिरल्यागत दुखतं, नंतर आग, कडेला कातडीचा तुकडा लोंबतो : चीर, म्हणजे फिशर. खडा मोडला की बहुतेक भरते.
– त्याच जागी पुन्हा पुन्हा पू येतो : भगंदर. ऑपरेशन किंवा आयुर्वेदातलं क्षारसूत्र.
– फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे बारीक मस : विषाणूचे, बहुतेक शरीरसंबंधातून लागतात. जोडीदारालाही तपासा.
– वाढत जाणारी कडक गाठ, रक्त, घटतं वजन : उशीर नको, कर्करोग नाही ना याची खात्री करून घ्या.

बाजारात 'विनाऑपरेशन गॅरंटी' म्हणत जाळायची औषधं लावणाऱ्यापुढं बसू नका.

म्हशीनं शेण घट्ट टाकलं की आपण लगेच डॉक्टरला फोन लावतो. घरातल्या बाईला मात्र विचारत नाही. रानात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, शौच दाबून धरतात. आमच्या कारभारणीला चीर होऊन चार महिने झाले होते. माझ्या गाठीचं बोलणं निघालं तेव्हा तिनं सांगितलं. आता विहिरीजवळ पत्र्याचा आडोसा केलाय, पाण्याचा कॅनही तिथंच असतो. खर्च फार नाही. सुगीच्या आधी तुम्हीही करून घ्या.