ज्युरर नंबर दोन

फोन उचलून मी ‘हॅलो’ म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘मॅडम, एक मिनिट हं...’ मी पुरुष आहे. वय २९. दाढीसुद्धा आहे. पण फोनवर दाढी दिसत नाही ना!

शाळेपासून याची सवय होती. पण यंदा अप्रेझलला बॉस हसत हसत म्हणाले, ‘काम उत्तम आहे रे तुझं. पण क्लायंटसमोर दुसऱ्या कुणाला तरी बोलू दे. तुझ्या आवाजात वजन नाही.’ म्हणजे सहा महिने खपून स्लाइड्स मी बनवायच्या आणि बोलणार भलताच! मी नेहमीप्रमाणे ‘ओके’ म्हटलं. तेही त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

त्या रात्री झोप येईना म्हणून ‘१२ अँग्री मेन’ लावला. सिडनी ल्युमेटचा १९५७चा सिनेमा. आपला ‘एक रुका हुआ फैसला’ याच कथेवरचा. एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आणि त्याचं जगणं-मरणं ठरवणारे बारा ज्युरर. सगळं जग हेन्री फोंडाकडे बघतं. मी मात्र ज्युरर नंबर दोनकडे बघत बसलो. टकलू, बुटका, बँकेतला क्लार्क, इतरांना खोकल्याच्या गोळ्या देऊ करणारा. आणि आवाज? सेम टू सेम माझा!

त्याचं नाव जॉन फीडलर. जन्म १९२५चा, विस्कॉन्सिनमधल्या प्लॅटव्हिलचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, नंतर न्यूयॉर्कला अभिनय शिकला. हीरो होण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं. पण या माणसानं आवाज बदलला नाही, त्या आवाजाला कामाला लावलं. ‘अ रेझिन इन द सन’मध्ये (आधी १९५९चं नाटक, मग १९६१चा सिनेमा) तो एका कृष्णवर्णीय कुटुंबाला भेटायला येतो. अतिशय नम्रपणे सांगतो की, आमच्या गोऱ्यांच्या वस्तीत राहायला येऊ नका, वाटल्यास पैसे घ्या. तोच मऊ आवाज, पण अंगावर काटा येतो. १९६७ला ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात याच गरीब चेहऱ्याच्या आत जॅक द रिपर निघतो! सत्तरच्या दशकात बॉब न्यूहार्टच्या मालिकेत तो मानसोपचाराला येणारा भित्रा पेशंट होता.

आणि १९६८पासून तो होता ‘विनी द पू’मधला पिगलेट. घाबरट, पिटुकला. २००३मध्ये त्या पिगलेटच्या नावानं अख्खा सिनेमा आला, तेव्हा फीडलर ७८ वर्षांचा होता. २००५मध्ये तो गेला.

पण मला झोपू दिलं नाही ते एका प्रसंगानं. ज्युरीची खोली तापलीय, सगळे ओरडतायत. तेवढ्यात नंबर दोन चाचरत म्हणतो की, त्या जखमेचं मला काही पटत नाही. मुलाची उंची ५ फूट ७ इंच, बाप ६ फूट २ इंच. मग सुरा वरून खाली कसा घुसला? त्याला उडवून लावायला बघतात, पण प्रश्न काही केल्या उडत नाही. मग खरोखर चाकू हातात घेऊन बघावं लागतं.

आवाज नाही, प्रश्न वजनदार होता.

पुढच्या सोमवारी प्रेझेंटेशनची रंगीत तालीम होती. नव्यानं घातलेल्या एका स्लाइडवर माझी नजर अडकली. विचारलं, ‘हे आकडे गेल्या वर्षीचे आहेत का?’ कुणालाच ऐकू गेलं नाही. एरवी मी गप्प बसलो असतो. पुन्हा विचारलं. त्याच चिरक्या आवाजात. खोली शांत झाली. आकडे गेल्या वर्षीचेच होते.

प्रेझेंटेशन मला मिळालं नाहीच. पण निघताना बॉसनी विचारलं, ‘अजून काही दिसतंय का रे?’

जागेवर आलो तर फोन वाजत होता. ‘मॅडम, एक मिनिट हं...’

म्हटलं, ‘बोला, मी ऐकतोय.’